मुलांचे लेखक साने गुरुजी : जीवन आणि कार्य

नंदुरबारहून तापीच्या खोऱ्यातील लोहमार्गाने पूर्वेकडे निघाले की दोंडाईचा मागे पडते आणि कापसाच्या काळ्या जमिनीतून गाडी पुढे अमळनेरला पोहोचते. मराठी मुलांचे सर्वांत लाडके लेखक पांडुरंग सदाशिव साने हे मूळचे कोकणचे, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्यातील लेखक घडला तो या अमळनेरच्या एका वसतिगृहात, म्हणजे आपल्या खानदेशात, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. जुन्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. अमळनेर पूर्वेकडे गेले, नंदुरबार पश्चिमेकडे राहिले, आणि पुढे १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. सरकारी सीमा बदलल्या तरी माणसांची ये-जा एकाच मार्गावरून होत राहिली.

पांडुरंगाचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे, पण वैभव ओसरलेले. वडील सदाशिवराव कर्ज आणि वाटण्या यांत खचत गेले. राहते घर सुटले आणि आई यशोदाबाई यांना अखेरचे दिवस दारिद्र्यात काढावे लागले. ही यशोदाबाई म्हणजेच साऱ्या महाराष्ट्राला परिचित असलेली श्यामची आई होय.

पुढील शिक्षणासाठी मुलाला दापोलीच्या मिशन शाळेत पाठविण्यात आले. मिशनरी मंडळींच्या शाळेत गुरुजी काही काळ शिकले, यावरून त्यांना आपल्याकडे ओढण्याचे काही कारण नाही. ते आयुष्यभर हिंदू भाविक होते आणि आपल्या संतांच्या परंपरेवर त्यांची दृढ निष्ठा होती. फी आणि जेवणखाण यांचा मेळ बसेना, तेव्हा गरीब विद्यार्थ्यांची जेवणाची सोय होते असे ऐकून ते औंध संस्थानात गेले. तेथे प्लेगाने गाठले. शेवटी पुण्यास नूतन मराठी विद्यालयात येऊन १९१८ साली ते मॅट्रिक झाले. तत्पूर्वी १९१७ साली आईचे निधन झाले होते. तिच्या अखेरच्या क्षणी हा मुलगा तिच्याजवळ नव्हता. वाचकहो, पुढे त्यांनी जे काही लिहिले त्यातील फार मोठा भाग या एका चुकलेल्या भेटीतून उगवलेला आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

पुण्याच्या न्यू पूना कॉलेजात बी. ए. झाल्यावर तत्त्वज्ञानाच्या अधिक अभ्यासासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली स्थापन केलेली ही संस्था त्या काळी देशभर नावाजलेली होती. तेथील ग्रंथालयात आयुष्य काढून साने हे एक विद्वान प्राध्यापक झाले असते. पण कोऱ्या तत्त्वचर्चेत त्यांचे मन रमले नाही. १९२४ साली ते अमळनेरच्याच खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत, म्हणजे पुढे प्रताप हायस्कूल म्हणून प्रसिद्धीस आलेल्या शाळेत, शिक्षक झाले आणि लवकरच शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

आपल्या धर्मप्रांतात वसतिगृह म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर या भागांतील किती तरी मुले लहान वयात आईबापांना सोडून शाळेसाठी अशाच छपराखाली येतात. पहिल्या पावसाळ्यात रात्री उशीत तोंड खुपसून रडणारे मूल ज्याने सांभाळले आहे, त्याला गुरुजींची अमळनेरची सहा वर्षे समजावयास कठीण जाणार नाहीत. आजूबाजूच्या खेड्यांतून आलेली शेतकऱ्यांची मुले त्या वसतिगृहात असत. खोल्या अस्वच्छ, अंथरुणे पसरलेली, कपडे इतस्ततः टाकलेले. साने सर रागावले नाहीत. मुले शाळेत गेली की ते खोल्या झाडीत, अंथरुणांच्या घड्या घालीत, मळलेले कपडे धुऊन टाकीत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवीत. आजारी मुलाच्या उशाशी रात्ररात्र बसत. प्रारंभी काही मुलांनी या चांगुलपणाचा फायदाच घेतला, कारण मुले ती मुलेच; पण हळूहळू त्यांना लाज वाटू लागली आणि सर येण्यापूर्वीच झाडू हातात घेण्याची चढाओढ सुरू झाली.

याच वसतिगृहात त्यांनी एक हस्तलिखित दैनिक चालविले. नाव छात्रालय. छापखाना नाही, कागदाला पैसे नाहीत, मदतनीस नाही. जगातील घडामोडी, थोरांची चरित्रे, एखादी गोष्ट, एखादी कविता, कालच्या दिवशी वसतिगृहात घडलेला एखादा प्रसंग, असे सारे स्वतःच्या हाताने लिहून ते मुलांपुढे ठेवीत. पुढे १९२८ पासून विद्यार्थी नावाचे मासिकही त्यांनी काढले. साहित्याचे समीक्षक या खटाटोपाची फारशी दखल घेत नाहीत. माझ्या मते मात्र गुरुजींच्या भाषेचे सारे रहस्य तेथेच आहे. ज्या वाचकाला आपण आज सकाळी अंघोळीचे पाणी दिले आणि ज्याच्या पायातला काटा काल काढला, त्याच्यासाठी संध्याकाळी लिहावयास बसले की वाक्य आपोआप लहान होते, अवघड शब्द गळून पडतो आणि उपदेशाचा सूर विनवणीचा होतो. ज्या मुलांची घरची भाषा मराठी नसून भिली, पावरी वा मावची आहे, त्यांनाही गुरुजींचे लेखन पाठ्यपुस्तकापेक्षा जवळचे वाटते, याचे कारण हेच असावे.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि गुरुजींनी शाळेची नोकरी सोडली. धुळ्याच्या तुरुंगातून त्यांची रवानगी दूर दक्षिणेत त्रिचनापल्लीच्या तुरुंगात झाली. निरनिराळ्या प्रांतांचे राजबंदी तेथे एकत्र होते; शेजारी बसलेल्या देशबांधवाची भाषा आपल्याला येत नाही ही खंत गुरुजींना तेथे बोचली. त्यांनी तमिळ आणि बंगाली या भाषांचा अभ्यास केला आणि तिरुवल्लुवरांचे कुरळ हे तमिळ काव्य मराठीत आणले. सुटून आले तो पुन्हा अटक झाली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी दर रविवारी एक याप्रमाणे २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती शब्दशः टिपून घेण्याचे काम गुरुजींनी केले. ते तेथे नसते तर आज अनेक भाषांत वाचला जाणारा तो ग्रंथ बहुधा हवेत विरून गेला असता.

धुळ्यानंतर नाशिकचा तुरुंग. येथे गुरुवार, ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी आपल्या आईच्या आठवणी लिहावयास घेतल्या आणि सोमवारी, १३ फेब्रुवारीच्या पहाटे लेखणी खाली ठेवली. दिवसा तुरुंगातील काम, रात्री लेखन. श्यामची आई या पुस्तकाचा मोठा भाग असा पाच दिवसांत लिहिला गेला. ते १९३५ साली प्रसिद्ध झाले आणि पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहाने, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहाने, ते पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हाती पोहोचविले.

पुस्तकाची रचना साधी आहे. एका आश्रमात श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. अंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो, तेव्हा आई दगडावर आपला पदर पसरते आणि पायांना जसा जपतोस तसा मनालाही जप, असे त्याला समजावते. एके दिवशी भाजीत मीठ घालावयाचे राहून जाते. वडील ती भाजी मुकाट्याने खातात, नव्हे तिची स्तुती करतात, आणि आई स्वतः जेवावयास बसते तेव्हा तिला चूक उमगते. एका प्रसंगी डोक्यावर मोळी उचलून घेण्यासाठी खोळंबलेल्या वृद्ध महार स्त्रीला मदत करावयास आई श्यामला पाठविते. गावाच्या दृष्टीने तो विटाळ होता. ज्या घरात सोवळेओवळे पाळले जाई त्याच घरातील स्त्रीने मुलाला हे सांगावे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

गुरुजींच्या लेखनावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ते फार रडवितात, त्यांचा श्याम फार हळवा आहे, मुलांना अशा अश्रूंनी दुबळे करू नये, असे काही जाणकार म्हणत आले. आक्षेप अगदीच खोटा नाही. त्यांच्या काही गोष्टींत करुणेचा पूर इतका येतो की कथानक त्यात वाहून जाते. संपादक या नात्याने मी काही पाने निश्चित कापली असती. परंतु आईचे पुस्तक नीट वाचावे. पोहावयास जाण्याच्या भीतीने श्याम लपून बसतो तेव्हा हीच आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीवर पाठविते. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणावे हे तिला सहन होत नाही. संध्याकाळी त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरतात. तिची माया आणि तिची शिस्त यांत त्या बाईला काही विरोध दिसत नव्हता.

मुलांसाठी गुरुजींनी याखेरीज पुष्कळ लिहिले. त्यांची लहानमोठी पुस्तके सत्तरांहून अधिक भरतात. त्यांत गोड गोष्टी या नावाची मालिका विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. जगातील मोठ्या कादंबऱ्या मराठी मुलांना समजतील अशा रीतीने त्यांनी तीत सांगितल्या. जॉर्ज इलियट या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीतील एकाकी विणकर त्यांच्याकडे मनूबाबा होऊन येतो. त्याची साठविलेली मोहरांची थैली चोरीस जाते आणि तिच्या जागी एक अनाथ मुलगी त्याच्या झोपडीत प्रकाश घेऊन येते. व्हिक्टर ह्यूगो यांच्या कादंबरीतील भाकरी चोरणारा कैदी दुःखी या पुस्तकात वालजी झाला आहे. इंग्रजीचे वारेही ज्यांना लागले नव्हते अशा खेड्यांतील मुलांनी या दोन महान कादंबऱ्या कोठल्या परदेशच्या म्हणून नव्हे, तर आपल्या शेजारच्या गावात घडलेल्या म्हणून वाचल्या. भाषांतराचा हा प्रकार आजच्या पंडितांना कदाचित रुचणार नाही. मुलांना तो रुचला.

आज आपल्या वाचनालयांत पानापानावर रंगीत चित्रे असलेली बालपुस्तके येतात आणि ती यावीतही. गुरुजींच्या काळी खेड्यातल्या मुलाच्या हाती तसे काही पडत नव्हते. त्यामुळे चित्राचे काम शब्दांना करावे लागे. दगडावर पसरलेला पदर, झोपडीतील कंदील, गोठ्यातील मोरी गाय, वेळेआधी तोडलेल्या कळ्या, ही सारी चित्रेच आहेत; ज्याने लहानपणी ती वाचली त्याला म्हातारपणीही ती दिसतात.

लेखन चालू असताना सार्वजनिक काम सुटले नव्हते. डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, त्यासाठी गुरुजी गावोगाव हिंडले. १९३८ मध्ये अमळनेरहून त्यांनी काँग्रेस नावाचे साप्ताहिक काढले, शेतकऱ्यांच्या व गिरणी कामगारांच्या लढ्यांत ते उभे राहिले. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले. त्याच वर्षी ९ सप्टेंबर रोजी नंदुरबारच्या रस्त्यावर तिरंगा हाती घेऊन निघालेल्या मुलांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती, लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम, धारातीर्थी पडले. शिरीषकुमार तेव्हा शाळकरी वयाचा होता. खानदेशातील त्या पिढीच्या मुलांसमोर कसला काळ उभा होता हे यावरून कळते. गुरुजींनाही पुढे पकडण्यात आले.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा सत्याग्रह मात्र परकीय सरकारविरुद्ध नव्हता, स्वकीयांच्या दाराशी होता. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी खुले व्हावे म्हणून १९४६ च्या कार्तिकी एकादशीस त्यांनी उपोषण आरंभिले. नेत्यांच्या आग्रहावरून ते सहा महिने पुढे ढकलले आणि तो सारा वेळ महाराष्ट्राच्या दौऱ्यात घालविला. सेनापती बापट त्यांच्यासोबत होते, शाहीर साबळे यांचे पोवाडे गाजत होते. गावोगावची मंदिरे व विहिरी उघडल्या जाऊ लागल्या, पंढरपूर मात्र हलले नाही. १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात गुरुजी पुन्हा उपोषणास बसले. गांधीजींनीसुद्धा उपोषण सोडण्याविषयी कळविले, कारण त्यांच्यापर्यंत वस्तुस्थिती नीट पोहोचली नव्हती. गांधीजींना दैवत मानणाऱ्या या माणसाने त्या वेळी त्यांचेही ऐकले नाही. दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली, मंदिर खुले करण्याचे मान्य झाले आणि १० मे रोजी उपोषण सुटले. हळवा म्हणून ज्यांची चेष्टा झाली ते हे गुरुजी.

नऊ महिन्यांच्या आत गांधीजींचा खून झाला आणि तो करणारा मराठी होता. गुरुजींनी हे पाप स्वतःच्या समाजाचे मानून प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवस उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी साधना साप्ताहिक सुरू केले. भारतातील निरनिराळ्या भाषांच्या लोकांनी एकमेकांचे साहित्य व जीवन जाणून घ्यावे यासाठी आंतरभारतीची कल्पना मांडली. तिचे बीज त्रिचनापल्लीच्या तुरुंगात पडले होते हे उघड आहे. साधनेतून पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची पत्रे सुंदर पत्रे या नावाने पुढे पुस्तकरूपाने आली. मुलांशी कसे बोलावे हे ज्यांना शिकावयाचे आहे, त्या आपल्या धर्मशिक्षण देणाऱ्या भगिनींनी व तरुणांनी ती आवर्जून वाचावीत.

आता शेवटची गोष्ट. ११ जून १९५० रोजी मुंबईत गुरुजींनी आपले जीवन स्वतःच्या हाताने संपविले. वय पन्नास. बहुतेक बालचरित्रांत या जागी त्यांचे निधन झाले एवढेच वाक्य असते. हेतू चांगला असेल, पण मूल मोठे झाल्यावर खरे काय ते कोठून तरी ऐकतेच आणि मग त्याला वाटते की आपल्याला फसविण्यात आले, किंवा त्या मृत्यूत काही उदात्त होते म्हणून ते झाकले गेले. दोन्ही समज वाईट. गुरुजी दीर्घकाळ निराशेने ग्रासलेले होते. स्वातंत्र्यानंतरची फाळणी, रक्तपात आणि सत्तेची धावपळ यांनी ते आतून मोडत गेले. इतरांच्या मुलांच्या उशाशी रात्री जागणाऱ्या या माणसाच्या उशाशी त्या दिवसांत कोणी तरी सतत हवे होते.

पूर्वी ख्रिस्तसभेचा कायदा अशा प्रसंगी कठोर होता. १९१७ च्या संहितेने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास धार्मिक अंत्यविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेत ती तरतूद उरली नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने जीवन हे देवाचे दान आहे, ते संपविणे गैरच, हे कायम ठेवूनही तीव्र मानसिक वेदना माणसाची जबाबदारी कमी करते असे मान्य केले आणि अशा जीवांच्या तारणाविषयी आशा सोडू नये, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी असे सांगितले. आपल्या धर्मग्रामांतही अशी घरे आहेत, जी याच कारणासाठी वर्षानुवर्षे चर्चच्या मागच्या बाकावर बसतात. त्या घरांकडे आपण कसे पाहतो, हा प्रश्न साने गुरुजींचे चरित्र वाचताना टाळता येत नाही. तसेच घरातील कोणी सतत खिन्न, अबोल राहू लागले, जगणे नको म्हणू लागले, तर त्याला एकटे सोडू नये. त्याच्याशी बोलावे, डॉक्टरांकडे न्यावे, आपल्या धर्मगुरूंना कळवावे; त्यात लाजण्यासारखे काही नाही.

गुरुजींच्या मागे त्यांच्या सहकाऱ्यांनी काम थांबविले नाही. प्रकाशभाई मोहाडीकर यांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली आणि तिच्या शाखांतून गावोगाव मुलांना गोष्टी सांगणारी माणसे तयार झाली. साधना आजही निघते. कोकणात माणगावजवळ वडघर येथे त्यांचे राष्ट्रीय स्मारक उभे राहिले आहे.

आचार्य अत्रे यांनी १९५३ साली श्यामची आई चित्रपट काढला. वनमाला आई झाल्या आणि माधव वझे श्याम. देशात राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक १९५४ साली या मराठी चित्रपटाला मिळाले. पुढे २०२३ साली त्याच कथेवर नवा चित्रपट आला. दिग्दर्शक सुजय डहाके यांनी रंगांच्या या युगात तो मुद्दाम कृष्णधवल ठेवला, आणि त्यात आईच्या जोडीला तुरुंगात बसून तिची आठवण लिहिणारा तिचा मुलगाही पडद्यावर दिसतो.